सांगाडा फिरता झाला

अमळनेर, शनिवार. रात्र बरीच झाली आहे.

आम्ही स्वतः बांधत असलेल्या विमानाचा सांगाडा आज संध्याकाळी फिरत्या स्टँडवर पहिल्यांदा पूर्ण फिरवला. आधी कुशीवर, मग पोट वर, मग दुसऱ्या कुशीवरून परत सरळ. एका हाताने ढकलला की फिरायचा, हात काढला की तिथेच थांबायचा. मुलगी सांगाडा जागी अडकवायची पिन धरून उभी होती. प्रत्येक थांब्यावर तिने ती आत सरकवली आणि मी नळी हलवून पाहिली. हलली नाही. फार आनंद झाला. तो उतरायच्या आत हे लिहून ठेवतोय.

आमचं विमान दोन माणसांचं. पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यावर कापड. पद्धत जुनीच आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं, म्हणजे आताच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं, त्याचं धडही असंच होतं, आणि आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी जण त्याच्यावर उडायला शिकले. नळ्या क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाच्या, बहुतेकांची जाडी जेमतेम ०.९ मिलिमीटर. इतक्या पातळ नळीला वेल्डिंग करताना हात थरथरला तर भोक पडतं, घाई केली तर जोड वरवर दिसतो आणि आत धरलेला नसतो.

आतापर्यंत सांगाडा दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुताराच्या चारपायी आधारांवर होता. वरचे जोड छान होतात, बाजूचेही जमतात. प्रश्न पोटाकडच्या लाँगरॉनचा. नाकापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या चार लांब नळ्यांपैकी या खालच्या दोन. पुढच्या चाकांचे पाय इथेच बसणार, आसनांचं वजन इथेच उतरणार. एकेका जोडात पाच-सहा नळ्या एकत्र येतात आणि त्यांच्या बेचक्यात टॉर्च जेमतेम शिरतो. घोड्यांवर ठेवून हे जोड करायचे तर फरशीवर उताणं पडायचं आणि वितळलेला धातू खाली ओघळू पाहत असताना त्याला वर धरून ठेवायचं. मुरलेल्या वेल्डरलाही ते कठीण जातं. आता पोट वर केलं की तोच जोड टेबलावर ठेवल्यासारखा समोर येतो. स्टूल घ्यायचं, कोपर टेकवायचं आणि शांतपणे काम करायचं.

शेजारचे नाना भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. आता निवृत्त आहेत. शेडमध्ये आले की चहाच्या आधी म्हणतात, "खालनी बाजू दखाड." घोडे होते तोवर ते बॅटरी घेऊन खाली वाकायचे आणि त्यांचे गुडघे बोलायचे. मला ते बघवायचं नाही. आज मी पिन काढली, सांगाडा उलटा केला आणि म्हटलं, नाना, उभ्यानेच बघा. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका जोडावर नख फिरवत पार शेपटीपर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "हाई बेस शे." नाना कुणाला सहज चांगलं म्हणत नाहीत.

आता स्टँडविषयी. पुन्हा कधी बांधायचा झाला तर सगळं आठवायला हवं.

पुढच्या बाजूला जाड पत्रा. तो फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या आडभिंतीजवळच्या), इंजिन धरणारं माउंट बसतं त्या चार जागांवर बोल्ट केलाय. पकडायचं तर तिथेच. त्या जागा मुळातच इंजिनाचं वजन आणि ओढ झेलण्यासाठी असतात, बाकी कुठे आवळलं की नळीला पोचा. पत्र्याच्या मागे शाफ्ट आणि प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचं घर. ते जिनिंगच्या भंगारातून आणले. आपल्या भागात कापसाच्या जिनिंग एवढ्या आहेत की भंगारवाल्याकडे बेअरिंगची चणचण कधीच नसते. मागे शेपटीच्या उभ्या नळीला क्लॅम्प आणि त्यातून निघालेला गज नुसता एका बुशमध्ये बसवलेला. तो मागेपुढे सरकतो, मुद्दाम तसा ठेवलाय. सांगाडा पावणेपाच मीटरचा आहे. पहाटे पंचवीस अंश आणि दुपारी शेडमध्ये पंचेचाळीस, म्हणजे पोलाद मिलिमीटरभर वाढणार. दोन्ही टोकं पक्की आवळली तर ती वाढ जाणार कुठे? सांगाड्यातच. म्हणून एक टोक मोकळं हवंच, निदान खान्देशातल्या मे महिन्यात तरी.

सगळ्यात जास्त वेळ फिरण्याचा आस शोधण्यात गेला. पोटाकडे नळ्या जास्त, त्यामुळे तीच बाजू खाली यायला बघते. पुढच्या पत्र्यात वर-खाली भोकांची रांग ठेवली होती. एकेक भोक बदलत, सोडून बघत गेलो. जड बाजू खाली धावायची थांबली तेव्हा आस वजनाच्या मध्यातून जातोय हे कळलं. पाय, आसनं, कंट्रोलचे दांडे बसले की हा तोल पुन्हा बदलणार, म्हणून नुसत्या तोलावर विसंबून कुणी खाली हात घालायचा नाही. पिन आत असल्याशिवाय मुलीलाही जवळ येऊ देत नाही. पिन जिच्यात शिरते त्या चकतीला दर पंधरा अंशांवर एक, अशी चोवीस भोकं आहेत.

आणि वेल्डिंगची अर्थ वायर सांगाड्यालाच, चालू जोडाच्या जवळ लावायची, स्टँडला कधीच नाही. स्टँडला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर ठिणग्या पडून खड्डे होतात आणि फिरणं खरखरीत होतं.

रविवार.

पहाटेच उठून शेपटीकडचे काही जोड केले. खरा फायदा आज कळला. कंबर वाचली हा त्यातला छोटा भाग. वेल्डिंग थंड होताना जॉब ओढतो. एका बाजूचे सगळे जोड पुरे करून मग दुसरीकडे गेलं तर शेपूट तिकडेच वळते. म्हणून वरचा पाव जोड, फिरव, त्याच्या समोरचा पाव जोड, पुन्हा फिरव. घोड्यांवर एवढी उठाठेव कुणी करेल? माणूस कंटाळतो आणि आहे त्या बाजूने पुढे जातो. आज प्रत्येक फेरीनंतर पाणसळ आणि ओळंबा लावला. शेपटीची नळी ओळंब्याला समांतर राहिली.

पंखा मात्र बंद. वारा लागला की जोडाला हवेपासून वाचवणारा आरगॉन वायू उडतो, आणि हे पोलाद झटकन थंड झालं तर जोडाशेजारी ठिसूळ होतं. म्हणून कामाची वेळ पहाटे किंवा रात्री. दहाच्या पुढे झळा सुरू होतात, तेव्हा शटर ओढून घेतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान बांधणारेही असा स्टँड वापरतात. आत सांडलेला किस आणि पडलेले रिव्हेट उलटं केलं की बाहेर येतात. पण वरचा पत्रा लागेपर्यंत ते धड पिळलं जाऊ शकतं, त्यांना दोन्ही टोकं बरोबर फिरवावी लागतात. आमच्या सांगाड्याला तिरप्या नळ्यांचे त्रिकोण आहेत, तो तसा पिळत नाही. तरी सपाट टेबलावर मापात धरून सगळे टॅक (जागा धरणारे वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून झाल्याशिवाय आम्हीही स्टँडवर चढवला नव्हता.

दुपारी नाना आणि मी बसून धुळ्याच्या धावपट्टीबद्दल बोललो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०२० मध्ये धुळ्याच्या याच धावपट्टीवरून उडालं. आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. ते आठवलं की मला कामाला बळ येतं.

वेल्डिंग संपलं की नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवायचं आहे, आतून गंज लागू नये म्हणून. डबल बॉइल्ड, पेंटवाल्याकडे मिळतं ते. जोडांच्या आत नळीतून नळीत जायला बारीक भोकं ठेवलीच आहेत. गरम तेल ओतायचं आणि सांगाडा सगळ्या बाजूंनी हळूहळू फिरवायचा, म्हणजे ते कानाकोपऱ्यात पोचेल. मग निथळून काढायचं आणि तोंडं बंद करायची. किती लिटर लागेल ते नळ्यांच्या आतल्या मापावरून काढायला मुलीला सांगितलंय. ती वही घेऊन बसली आहे.