शाळेतला हॅलोविन आणि लायब्ररीत बसलेलं मूल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑक्टोबर लागला की इथले, म्हणजे अमेरिकेतले, मराठी पालक हमखास विचारतात: शाळेने हॅलोविन, म्हणजे 31 ऑक्टोबरचा चित्रविचित्र वेश (कॉस्च्युम) करून दारोदार चॉकलेटं मागायचा सण, साजरा करावा, की सगळ्या मुलांना सामावून घेणारी फॉल पार्टी, म्हणजे पानगळीच्या ऋतूची पार्टी, ठेवावी? रूम पेरेंट, म्हणजे वर्गाच्या कार्यक्रमांना मदत करणारी पालक, म्हणून या तयारीत माझा हात असतो. माझं मत पक्कं आहे. शाळेच्या वेळात फॉल पार्टी आणि संध्याकाळी हॅलोविन, अगदी मनसोक्त.

कायद्याची अडचण फारशी नाही. फ्लोरिडातल्या अलाचुआ काउंटीत शाळेतल्या चेटकिणींच्या सजावटीवरून दावा झाला होता. ती सजावट म्हणजे धर्माचा पुरस्कार नाही, असं तिथल्या अपील कोर्टाने 1994 मध्ये ठरवलं. पण कायद्याला चालतं म्हणून वर्गातल्या प्रत्येक मुलाला चालेलच असं नाही.

जेहोवाज विटनेस या ख्रिश्चन पंथातली कुटुंबं हॅलोविन पाळत नाहीत, वाढदिवससुद्धा नाही. काही कर्मठ ख्रिश्चन आणि मुस्लिम घरांतही तो वर्ज्य असतो. अशा घरातलं दुसरीतलं मूल शाळेतल्या कॉस्च्युम परेडच्या दिवशी एकतर घरी राहतं, नाहीतर लायब्ररीत चित्रं रंगवत बसतं, आणि बाहेरून बाकी वर्गाचा गलका ऐकू येत असतो. परत आल्यावर "तू का नव्हतास?" याचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. घरातल्या मोठ्यांच्या श्रद्धेचा खुलासा सात वर्षांच्या मुलाने का करायचा? मला हे मनापासून खुपतं. शिवाय कॉस्च्युम परवडला नाही म्हणून रोजच्या कपड्यांत आलेलं मूल असतं, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे हातातलं चॉकलेट परत करणारंही.

याच विचाराने इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनच्या शाळांनी 2019 मध्ये शाळेतला हॅलोविन थांबवला. 2023 मध्ये न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंज-मेपलवूडच्या शाळांनी तेच केलं, तेव्हा खुद्द गव्हर्नरांनी जाहीर नाराजी दाखवली.

नाराज होणाऱ्यांचा एक मुद्दा मला खरोखर पटतो. हा सण इथे रुजवला तो एकोणिसाव्या शतकात आलेल्या आयरिश लोकांनी. नव्या देशात आलेल्या मुलाला अनोळखी दारावर हक्काने थाप मारू देणारा दुसरा सण नाही. आणि ज्यांच्या वस्तीत अंधार पडल्यावर फिरणं सुरक्षित नाही, त्यांना शाळेतला हॅलोविन तेवढाच मिळतो. तो काढून घेतला तर त्यांच्यासाठी काहीतरी करायलाच हवं. म्हणून पीटीएने, म्हणजे पालक-शिक्षक संघाने, शाळा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये ट्रंक ऑर ट्रीट ठेवावं: गाड्यांच्या डिक्या सजवायच्या, लहान झालेले कॉस्च्युम आपापसांत द्यायचे. ज्याला यायचं तो येईल, न येणाऱ्याची कुणाला खबरही लागणार नाही.

मात्र नुसतं नाव बदलून भागत नाही. त्याच कॉस्च्युम परेडला "हार्वेस्ट परेड" म्हटलं तरी ते मूल लायब्ररीतच बसतं. आणि ओरिगामीची दोन पानं वाटून उरकलेली पार्टीही मुलांवर अन्यायच आहे. एक मोठा भोपळा आणा. त्याचं वजन किती, हे मुलांना आधी ओळखू द्या. पाण्यात टाकला तर बुडेल की तरंगेल, यावर वर्गात जोरदार वाद होतो, आणि तो तरंगतो तेव्हा जो जल्लोष होतो तो कुठल्याही परेडपेक्षा कमी नसतो. मग तो कापा, बिया मोजा. पानं गोळा करून आणा: हिरवं क्लोरोफिल ओसरलं की आधीपासून पानात असलेला पिवळा रंग दिसू लागतो, लाल मात्र बऱ्याच झाडांत त्याच सुमाराला नव्याने तयार होतो. यात कुणाला बाहेर बसावं लागत नाही.

"मग आपली दिवाळीही शाळेत नको का?" हाही प्रश्न येतो. मोजमाप तेच. धर्माविषयी शिकवायला हरकत नाही, शाळेने धर्माचरण करवून घ्यायचं नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1963 मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून वर्गात पणती दाखवून गोष्ट सांगावी, आरती करायला लावू नये. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना 1 नोव्हेंबर 2024 ला दिवाळीची सुट्टी मिळाली, ती मला आवडली, कारण सुट्टी सगळ्यांनाच असते.

तुमच्या शाळेत बदल हवा असेल तर प्रिन्सिपलना सप्टेंबरमध्येच लिहा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घरोघरी कॉस्च्युम घेऊन झालेले असतात, आणि त्यानंतर कुठलाही निर्णय मुलांना शिक्षेसारखा वाटतो.