राजमाचीच्या वाटेवर काळी मुसळी

जुलैच्या सुरुवातीला लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीची वाट धरली. राजमाचीचे श्रीवर्धन-मनरंजन हे दोन बालेकिल्ले आधी पाहिलेले होते, या खेपेला काळी मुसळी ही रानवनस्पती बघायची होती. पहिले पाऊस झाले की ही फुलते, पण गवत गुडघ्याला लागलं की त्यात हरवते. म्हणून जूनअखेर ते जुलैमध्य हाच काळ धरा, आणि सकाळीच माळावर पोचा.

फूल अगदी जमिनीलगत, पानांच्या बेचक्यात असतं. झगझगीत पिवळं, सहा पाकळ्यांचं, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं. पानं लांबट, टोकदार, त्यांवर उभ्या चुण्या. फुलं नसतील तर हे शिंदीचं कोवळं रोप वाटतं.

आता खरी गंमत. घाटमाथ्यावरच्या गवतात हायपॉक्सिस या दुसऱ्या रानवनस्पतीचंही असंच सहा पाकळ्यांचं पिवळं फूल येतं, आणि वरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखीच वाटतात. म्हणून फूल सोडा, त्याच्या खाली बघा. हायपॉक्सिसची पानं गवतासारखी अरुंद, फूल बारीक लवदार देठावर उभं, आणि पाकळ्यांच्या लगेच खाली बीजकोशाचा फुगीर भाग दिसतो. मुसळीत तो दिसतच नाही. आपण ज्याला देठ समजतो ती लांब मान असते. बीजकोश खाली पानांच्या बुडाशी दडलेला असतो, फळही तिथेच धरतं. पानं हलक्या हाताने बाजूला केली तरी एवढं कळतं, उकरायची गरज नाही.

उकरू तर नकाच. पावसाळा सरला की वरची पानं वाळतात, पण काळ्या सालीचा उभा कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या वर्षी त्यातूनच फुटवा येतो. औषधासाठी नेमका तोच खणून नेतात, त्यामुळे झाडच जातं. सफेद मुसळी वेगळी बरं का, तिची फुलं पांढरी.

फोटो तीन काढा: वरून, बाजूने जमिनीच्या पातळीवरून, आणि पानाचा. पाकळ्यांच्या पाठीवरची लव बाजूच्या फोटोतच येते. त्यासाठी चिखलात लोळावं लागतं, तेव्हा बसायला प्लास्टिकचा तुकडा न्या. शनिवार-रविवार टाळलेलाच बरा. तुंगार्लीकडची वाट लांब पण सोपी, कर्जतच्या बाजूने, कोंढाणे लेण्यांकडून येणारा चढ दमवतो आणि पावसात घसरडा असतो. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावात जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा.