हस्तातली जोडी सुटली: एनजीसी ४७८२ आणि ४७८३

गेल्या मोसमात नोंदवहीत हस्त तारकासमूहातल्या या दीर्घिकांच्या जोडीसमोर ‘पुसट, एकच’ एवढंच होतं. या अवसेला दोघी वेगळ्या दिसल्या.

जागा गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पुढे, ओळखीच्यांच्या काजूबागेत. किनाऱ्याचा उजेड पश्चिमेला राहतो, त्यामुळे दक्षिणेचं आकाश बरं. दुर्बीण तीच, आठ इंची डॉब्सोनियन. एप्रिलच्या सुरुवातीला ही जोडी रात्री साडेबाराच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे आकाशाच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर येते आणि गोव्यातून बासष्ट अंशांपर्यंत चढते. उत्तर युरोपातल्या निरीक्षकांना ती क्षितिजाजवळच्या धुरकटात शोधावी लागते, इथे मान वर करायची.

वाट सोपी आहे. सोम्ब्रेरो दीर्घिका, म्हणजे एम १०४, धरा आणि तिथून चित्रा ताऱ्याच्या दिशेने साडेतीन अंश सरका, किंचित दक्षिणेला. ४८ पट मोठं केल्यावर लांबट डाग. १२० पटीला, तिरक्या नजरेने, म्हणजे थेट न बघता किंचित बाजूला बघून, दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग! गाभ्यांमधलं अंतर सुमारे ४० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), जवळजवळ गुरूच्या बिंबाएवढं. रेखाटनात मधली जागा काळी सोडू नका, दोघींचं तेज तिथे एकमेकांत मिसळलेलं आहे.

खरी गंमत वेगात आहे. अंतर सुमारे वीस कोटी प्रकाशवर्षं, आणि आपल्या दृष्टिरेषेत दोघींच्या वेगांत सेकंदाला सहाशे किलोमीटरहून जास्त फरक. एवढ्या वेगाच्या जोडीला गुरुत्वाने बांधून ठेवायचं तर वस्तुमान अवाढव्य हवं, म्हणून एकेकाळी तसे आकडे मांडले गेले. पुढे संगणकीय प्रतिकृतींनी दाखवलं की अगदी जवळून जाताना वेग असा वाढतो, त्यासाठी राक्षसी वस्तुमान लागत नाही. चंद्रा या क्ष-किरण अंतराळ दुर्बिणीच्या निरीक्षणांत (२००७) ४७८३ चा तप्त वायू मागे शेपटीसारखा ओढला गेलेला दिसला. ४७८२ मधून निघणारे रेडिओ झोतही वाकलेले आहेत. रेडिओ स्रोतांच्या यादीतला ३सी २७८ तो हाच.

त्याच हस्तात अँटेना दीर्घिकाही आहेत. सर्पिल दीर्घिकांची टक्कर, लांब शेपट्या, नवे तारे, फोटोवाल्यांची लाडकी. आपली जोडी लंबवर्तुळाकार दीर्घिकांची, त्यांच्याकडे तसा थंड वायू फारसा नसतो, म्हणून आतषबाजी नाही. मला मात्र हीच जोडी जास्त आवडते. डोळ्याला कामाला लावते.

पुढचं लक्ष्य त्रिकोण तारकासमूहातली एनजीसी ७५० आणि ७५१, म्हणजे आर्प यांच्या विचित्र दीर्घिकांच्या यादीतली १६६ क्रमांकाची जोडी. गाभे याहून बरेच जवळ आहेत, तेव्हा २०० पट तरी लागेल. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात बघू.