परसातल्या दोन खोल्या

१९ मे, रात्री

गवंडी आज मागच्या परसात फक्कीने आखणी करून गेला. पंचवीस बाय अठरा. कागदावर ऐसपैस वाटलेलं घर जमिनीवर गोठ्याएवढं दिसलं. आई काठी टेकत आली, रेघ न मोडता नेमकी दाराच्या जागेतून आत शिरली आणि म्हणाली, "चूल कुठे रे?" ओट्याची जागा दाखवली. "म्हणजे दुसरी चूल," एवढंच बोलली.

निवृत्तीला चौदा महिने उरलेत. गावी यायचं, पण धाकट्याच्या संसारात घुसायचं नाही, हे हिचं म्हणणं मलाही पटतं. धाकटा म्हणतो, "दादा, तू बांध, माझं काही नाही. फक्त मीटर वेगळा घे." त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. तरी लागलं.

२२०० रुपये फुटाने ९ लाख ९० हजार. वर शोषखड्डा, आणि गवंडी ज्याला 'किरकोळ' म्हणतो ते. कर्जाचं नाव नको, कारण सातबारा अजून सामायिक, नावं अकरा. चुलतबहिणीला फोन केला. "सही देते की, पण आमचा कोपरा लक्षात ठेव हं," म्हणाली. मी हसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती हसली नव्हती.

पण खरं अडलंय ते विहिरीपाशी. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब हवा. आमच्या जांभ्याच्या जमिनीत पाणी कुठून झिरपून कुठे निघेल, सांगता येत नाही. टेप लावून तीनदा मोजलं. खोल्या कशाही फिरवल्या तरी खड्डा येतो तो रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या झाडाच्या, बुडाशीच. तीन रातांबे होते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात दोन आडवे झाले, पोफळींची तर रांगच गेली. उरला हा एक.

धाकट्याकडे उपाय तयार. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून 'कोकण अमृता'ची कलमं आणू, पुढच्या अंगाला लावू. बी रुजवण्यात अर्थ नाही हे खरंच. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी. सात-आठ वर्षं पाणी घालायचं आणि फुलल्यावर कळायचं, हा नर, याला फळ धरायचं नाही. कलमाला ती धास्ती नाही. आईने सगळं ऐकून घेतलं.

"कलमाला किती वर्षांनी लागतात?"

"पाच-सहा."

आई पुढच्या महिन्यात त्र्याऐंशी पूर्ण करते. कोणी काही बोललं नाही. भावजय चहा टाकायला आत गेली.

चिऱ्याच्या गाड्या पावसाआधी पडायला हव्यात, म्हणून गवंड्याला शुक्रवारपर्यंत आगाऊ रक्कम हवी आहे. सोमवारी ये म्हटलंय. सोमवारी काय सांगणार, माहीत नाही. हिला अजून फोन केलेला नाही.

संध्याकाळी मागे गेलो तर आखलेल्या चौकोनात ताडपत्री पसरलेली, तिच्यावर आमसुलं. आई वाकून एकेक उलटत होती. फक्कीची एक बाजू पुसली गेली होती. म्हणाली, "इथे ऊन बरं आहे रे, पाचपर्यंत हलत नाही. अजून दोनदा रस चढवायचाय, तोवर राहू दे."