भिंत मैदानातच, आणि वाट सगळ्यांना मोकळी

स्कॉटलंडमध्ये गोल्फच्या मैदानातून कुणीही चालत जाऊ शकतं. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं तसा हक्कच दिलाय. ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पाय ठेवायचा नाही आणि चालू खेळात अडथळा आणायचा नाही, एवढं पाळलं की झालं. एडिंबरापासून रेल्वेनं साधारण अर्ध्या तासावर नॉर्थ बेरिक आहे. तिथल्या वेस्ट लिंक्सवर (लिंक्स म्हणजे समुद्रकाठचं वाळूच्या जमिनीवरचं गोल्फ मैदान) कुत्रा घेऊन समुद्राकडे निघालेली माणसं फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, ओलांडतात आणि खेळाडू हातातली काठी (तिलाही क्लबच म्हणतात) टेकवून थांबतात. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की आधी गेटवरचा वॉचमन आठवतो.

नॉर्थ बेरिकचं मैदान जुनं आहे, तिथला गोल्फ क्लब १८३२ चा. पण आपलं रॉयल कलकत्ता (कोलकात्याचा गोल्फ क्लब) १८२९ चं, म्हणजे याच्याही तीन वर्षं आधीचं. ते इंग्रजांनी स्वतःसाठी काढलं होतं हे खरं, तरी हा खेळ आपल्या मातीला परका आहे असं कुणी म्हणू नये.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध गोल्फ मैदानावर सगळे जातात. मैदानाची आखणी शिकायची असेल तर मात्र इथे नॉर्थ बेरिकला यावं, आणि तेही पंधराव्या होलसाठी (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा मैदानाचा एक टप्पा). त्याचं नाव रिडॅन. रिडॅन म्हणजे शत्रूच्या दिशेनं कोन करून पुढे काढलेली तटबंदी. क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलच्या अशाच तटावर इंग्रजांनी १८५५ मध्ये जूनला आणि पुन्हा सप्टेंबरला हल्ला केला आणि दोन्ही वेळा मार खाल्ला. गड चढणाऱ्या आपल्या माणसांना हे होल चटकन कळेल, कारण इथेही समोरून थेट चढाई केली की फसलात.

पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत पुरं करायचं होल, अंतर सुमारे १९० यार्ड. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, ग्रीनचा पृष्ठभाग दिसत नाही, मधला उंचवटा आड येतो. ग्रीन तुमच्या रेषेला तिरकं बसवलंय: पुढची उजवी कड उंच, आणि तिथून ते मागे डावीकडे उतरत जातं. डाव्या अंगाला, अगदी पायथ्याशी, खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. चेंडू घालायच्या खड्ड्यातला झेंडा बहुधा त्या बंकरच्या मागेच दिसतो आणि तिथेच घात होतो. झेंड्याकडे सरळ मारलेला चेंडू थोडा कमी पडला तर बंकरमध्ये जातो, आणि बंकर ओलांडला तर उतारावर पडून मागे निसटतो.

उजव्या हातानं खेळणाऱ्यानं झेंड्याच्या बऱ्याच उजवीकडे, ग्रीनच्या उंच खांद्यावर नेम धरावा. चेंडू कमी उंचीचा, उजवीकडून डावीकडे वळणारा हवा. खांद्यावर टेकला की पुढचं काम उतार करतो. पश्चिमेचा वारा पाठीशी असेल तर खांद्याच्याही किंचित अलीकडे टाकावा, नाहीतर चेंडू थांबतच नाही. फार उजवीकडे गेलात तर पुढची चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) उताराच्या दिशेनं खेळावी लागते, आणि ती झेंड्यापाशी रोखणं जवळजवळ अशक्य. मैदानं आखणाऱ्या चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डनं न्यूयॉर्कजवळच्या नॅशनल गोल्फ लिंक्सचं चौथं होल यावरूनच रचलं. त्यानंतर जगभर रिडॅन झाले.

तेराव्या होलवर, 'पिट'वर, ग्रीनच्या अगदी पुढ्यात दगडी गडगा आडवा आहे. गडगा आणि वाळूची टेकडी यांच्यामधल्या खोलगट जागेत ग्रीन. पाडून टाकणं सोपं होतं. पण गडगा राहू दिला आणि खेळानं त्याच्याशी जुळवून घेतलं, हेच मला या मैदानात सगळ्यात मोठं वाटतं. चेंडू गडग्याला अलीकडून खेटला तर आडवा किंवा उलटा मारायचा. तेही जमत नसेल तर एक दंडाचा फटका धरून, खड्ड्याच्या जवळ न जाता, दोन क्लब-लांबीच्या आत ड्रॉप घ्यायचा, म्हणजे चेंडू हातानं खाली टाकून तिथून खेळायचं. म्हणून दुसरा फटका उंच आणि थोडा जास्तच मारलेला बरा.

सोळाव्या होलचं, 'गेट'चं, ग्रीन मधोमध खोल घळीनं दुभंगलंय. दोन बाजूंना दोन पठारं. चुकीच्या पठारावर थांबलात तर पट (ग्रीनवर चेंडू घरंगळत नेणारा फटका) आधी खाली उतरतो, मग चढतो. जोर कमी पडला की चेंडू पुन्हा घळीत येतो.

आपल्याकडे असं का नाही, याचं उत्तर सगळंच आळसात शोधू नये. लिंक्सची जमीन वाळूची, त्यावर बारीक पात्याचं फेस्क्यू गवत. पाणी लगेच जिरतं, जमीन टणक राहते, चेंडू घरंगळतो. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि चिकटते, चेंडू पडला तिथेच रुततो. अशा जमिनीवर रिडॅनचा उतार शोभेपुरताच उरेल. करायचाच झाला तर उतार वाढवण्याआधी खाली निचऱ्याच्या नळ्या आणि वर वाळूचा जाड थर हवा, आणि तोही नुसत्या ग्रीनखाली नको, चेंडू जिथे टेकणार त्या उजव्या खांद्याच्या अलीकडेही हवा.