उजव्या इंजिनाचं तेल

मे महिना, पुणे–कोलकाता. लेग माझा होता, म्हणजे विमान मी उडवत होते आणि रेडिओ कॅप्टन सरांकडे. लोहगाव सोडून पाऊण तास होत आला होता. ३५ हजार फुटांवर स्थिरावलो होतो, नुकताच चहा आला होता.

अधूनमधून सिस्टिमची पानं चाळायची सवय असते. इंजिनाच्या पानावर डावीकडे तेल १४ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर), उजवीकडे ९. निघताना दोन्हीकडे साधारण सारखंच होतं.

"सर, टूचं तेल बघा." टू म्हणजे दोन नंबरचं, उजवं इंजिन.

त्यांनी कप खाली ठेवला. पाच मिनिटांनी ७, मग ५. ना आवाज, ना हादरा. मागे १७४ माणसं निवांत सँडविच खात होती. सिम्युलेटरमध्ये दर सहा महिन्यांनी आमचं इंजिन जातं ते टेकऑफला, ऐन मोक्याच्या वेगावर, धाडकन. हात आपोआप चालायला लागतात. इथे नुसता एक आकडा उतरत होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो होतो. खरं सांगायचं तर ती दहा मिनिटंच सगळ्यात वाईट गेली.

सरांनी तेवढ्यात नागपूरचं हवामान मागवून ठेवलं. अकोला मागे पडलं होतं.

मग लाल अक्षरं आली, ऑइल प्रेशर लो, आणि टिंग-टिंग सुरू झाली. तेलाचा दाब गेल्यावर इंजिन चालू ठेवलं तर बेअरिंग जळतात, म्हणून ते आपणच बंद करायचं असतं.

"आय हॅव कंट्रोल," सर म्हणाले. आता उडवणं त्यांच्याकडे, स्क्रीनवरच्या सूचना वाचून कृती करणं माझ्याकडे. त्यांनी उजव्या थ्रॉटलवर हात ठेवला, मी बघून "कन्फर्म" म्हटलं, मगच तो मागे आला. पुढची पायरी इंजिन मास्टर बंद करणं, म्हणजे इंधनच तोडणं. मी दोन नंबरच्या खटक्याला बोटं लावली आणि थांबले. "इंजिन मास्टर टू?" सरांनी स्क्रीन पाहिली, माझी बोटं पाहिली, पुन्हा स्क्रीन पाहिली.

या दोन सेकंदांमागे मोठा इतिहास आहे. ८ जानेवारी १९८९ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक विमान पडलं, ४७ माणसं गेली. बिघाड डाव्या इंजिनात होता आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. योगायोगाने त्याच वेळी हादरे कमी झाले, त्यामुळे आपलं बरोबरच आहे असं त्यांना वाटत राहिलं. आम्हाला हे शिकवताना मास्तर म्हणायचे, बंद पडलेल्या इंजिनाने कोणी लगेच मरत नाही, घाई करू नका, हातावर बसा.

"कन्फर्म." मी खटका खाली केला.

नाक किंचित उजवीकडे ओढलं गेलं, सरांनी रडर ट्रिमने, म्हणजे शेपटाचं सुकाणू थोडं वळवून, ते सरळ केलं. एका इंजिनावर त्या उंचीला टिकता येत नाही, त्यामुळे खाली येणं भागच होतं. मी रेडिओवर तीनदा 'मेडे', म्हणजे संकटाची हाक, देऊन नागपूर मागितलं. उजव्या इंजिनाबरोबर त्याचा जनरेटरही गेला होता, म्हणून शेपटातलं छोटं सहायक इंजिन, एपीयू, सुरू केलं. लीड केबिन क्रूला बोलावून काय झालंय, काय करणार आहोत, किती वेळ लागेल आणि विशेष सूचना काय, हे चारच मुद्दे सांगितले. तिने ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. प्रवाशांना मात्र 'तांत्रिक कारणामुळे'. हे दोन शब्द लोकांना किती चीड आणतात ते मला ठाऊक आहे, पण त्या घडीला तेलाचं गणित समजावायला वेळ कोणाकडे असतो?

नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची, त्यामुळे थांबण्याची काळजी नव्हती. काळजी उन्हाची होती. खाली ४३ अंश. तापलेली हवा विरळ, विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी, आणि उतरता उतरता काही बिनसून परत वर जायची वेळ आली तर एकट्या डाव्या इंजिनाने चढायचं. टॅबलेटवर आकडे दोनदा काढले. जमत होतं, पण ऐसपैस नव्हतं.

उतरणं अगदी साधं झालं. बाजूने अग्निशमनच्या गाड्या धावताना दिसल्या, तेव्हा कुठे माझी पाठ घामाने सीटला चिकटल्याचं लक्षात आलं.

पुढे कागदपत्रं. कॉकपिटमधले आवाज टिपणाऱ्या यंत्राचा, सीव्हीआरचा, ब्रेकर ओढला, नाहीतर नवीन आवाज जुन्यावर चढत जातात. टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाडांची वही, भरला. दोघांची ब्रेथ अॅनालायझर चाचणी झाली. इंजिनाच्या खालच्या झाकणावर काळा ओघळ होता. इंजिनियरने त्यावरून बोट फिरवून फक्त "हं" केलं.

दुसरं विमान यायला चार तास लागणार होते. बऱ्याच जणांनी आवाज चढवला. एक काकू मात्र माझ्याकडे आल्या, मुलगी धंतोलीत राहते म्हणाल्या. कोलकात्याच्या भाच्यासाठी हापूसच्या दोन पेट्या नेत होत्या, त्यातली एक आता इथेच उतरवता येईल का? मी चौकशी करून दिली. पेट्या खाली सामानाच्या होल्डमध्ये होत्या. मुलगी तासाभरात स्कूटरवर आली.