पाणी पाजूनही सुकणारी बाग

दिंडोरीकडची थॉम्पसन द्राक्षाची बाग, ऑक्टोबरच्या सुरुवातीची छाटणी. मालक आबा, कारभार मुलाकडे. जानेवारीत तक्रार आली ती अशी, की ठिबक रोज चालू आहे तरी वेली दुपारी माना टाकतात आणि मणी फुगायचा थांबलाय. मी पोहोचेपर्यंत दुकानदाराने ‘मुळी चालत नाही’ म्हणून ह्युमिकसकट मुळी वाढवायच्या औषधांच्या तीन बाटल्या गळ्यात मारल्या होत्या. मुळी चालत नव्हती हे खरंच होतं. ती का चालत नाही, हे विचारायची फुरसत त्याला नव्हती. फोटो बघून मोबाईलवर शेड्यूल धाडणाऱ्या आमच्या सल्लागार बंधूंनाही ती नसते.

पान हातात घेतलं तर जाड, कडक, कडा खाली वळलेल्या, शिरांमधला भाग पिवळट. नुसतं तहानलेलं पान लुळं पडतं, असं कडक लागत नाही. इथे पानाने बनवलेली साखर खाली उतरत नव्हती, ती पिष्ट होऊन पानातच साचली होती. ड्रीपरखाली उकरलं. वाफसा, म्हणजे ओल असूनही मातीत हवा खेळती असणं, कुठेच नाही, नुसता चिखल. मुळ्या तपकिरी, पांढरी मुळी औषधालाही सापडेना.

मग खोडाकडे वळलो. बाहेरच्यांसाठी सांगतो: सेटिंगनंतर, म्हणजे फुलोऱ्यातून मणी धरल्यावर, तो चार-पाच मिलिमीटरचा झाला की खोडावरची साल गोल पट्ट्यासारखी काढतात. त्याला गर्डलिंग म्हणतात. पानांतलं अन्न सालीतल्या रसवाहिन्यांतून मुळांकडे जातं. ती वाट तोडली की ते घडांकडे वळतं आणि मण्याला साईज येते. पाणी चढतं ते आतल्या लाकडातल्या जलवाहिन्यांतून, त्यामुळे वेल हिरवीगार राहते आणि काही बिघडलंय असं वाटतच नाही. दुहेरी पात्याच्या चाकूने चार-पाच मिलिमीटरचा पट्टा निघतो, आणि तीन-चार आठवड्यांत नवी साल येऊन वाट परत जुळते. लाकडाला मात्र ओरखडा जाता कामा नये. हातावर बसलेलं कसब आहे ते.

इथे पट्टा बारा मिलिमीटरचा. साध्या चाकूने काढलेला, खाली लाकूडही खरवडलेलं. वरच्या कडेला साल सुजून आली होती, खालची कड कोरडी ठणठणीत. मजुरांच्या टोळीला झाडामागे पैसे, म्हणजे घाई आलीच. पण रुंद घ्यायला सांगितलं होतं मुलानेच. “ग्रुपवर होतं साहेब, पट्टा रुंद तेवढी साईज जास्त.”

मुळांनी जुन्या साठ्यावर काही आठवडे काढले. तो संपला, नवी मुळी फुटेना, पाणी उचललं जाईना. वर पान सुकतंय म्हणून यांनी पाणी वाढवलं आणि उरलीसुरली मुळी गुदमरली.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. कुंपणाकडच्या ओळीने मला अडवलं. ती ओळ दाखवायला मुलगा लाजत होता, कारण तिथे डॉगरिजच्या खुंटाची, म्हणजे ज्या जंगली द्राक्षाच्या मुळावर थॉम्पसनचं कलम बांधतात त्याची, फूट काढायची राहून गेली होती. बुंध्याशी हात-हातभर झुडूप माजलेलं. पण वेली ताठ! उकरलं तर पांढरी मुळी. पट्टी लावून बघितली: पट्टा तेवढाच रुंद, माती तीच, ठिबकही तेच. काठाला ऊन-वारा जास्त, पण त्याने सुकवा वाढायला हवा होता, कमी कसा होईल? मला एकच कारण दिसतं. पट्ट्याखालची ती पानं मुळांना थेट खायला घालत होती. आणि प्रत्येक चर्चासत्रात आम्ही सांगतो, खुंटाची फूट दिसली की मोडा. एरवी ते बरोबरच आहे, ती वेलीचं खाते. पण गर्डलिंग फसलेल्या बागेत काय करायचं, हे कुठल्या शेड्यूलमध्ये आहे?

वाफसा येईपर्यंत पाणी बंद, पट्ट्यांवर ओल टिकायला प्लास्टिकची पट्टी, खुंटाची फूट राहू द्यायची, आणि जास्त सुकलेल्या वेलींवरचे निम्मे घड उतरवायचे, असं सांगून निघालो. पहिल्या तीन गोष्टी त्यांनी केल्या. घडांना हात लावला नाही, कारण व्यापाऱ्याचा इसार घेऊन झाला होता. आबा म्हणाले, “तुमचं खरं असंल, पण देणं घडावरच फिटतं.” यावर मला काही बोलता आलं नाही.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे माल निघाल्यावरच्या छाटणीनंतर, कोणत्या ओळी एकसारख्या फुटतात ते पाहायला जाणार आहे. तोवर कुंपणाकडच्या फुटीला कोणी हात लावायचा नाही, असं आबांनी गड्यांना बजावून ठेवलंय.